एका महिन्याचे वर्तमान

'वर्तमान' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. चालू काळास आपण वर्तमान म्हणतो, आणि परगावाहून काही बातमी आली म्हणजे तिलाही वर्तमानच म्हणतो. वर्तमानपत्र हे नाव या दुसऱ्या अर्थावरून पडले. पण एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ नांदत असल्यामुळे आपल्या सुशिक्षित वर्गात एक समजूत नकळत दृढ होऊन बसली आहे. ती अशी की, जी बातमी आज आली तीच आजच्या काळातील घटना होय, आणि जिचा मथळा मोठा ती घटनाही मोठी. ही समजूत कितपत खरी आहे, याची परीक्षा करण्याचे आम्ही योजिले आहे.

परीक्षेसाठी आम्ही जुलै १९६९ हा एकच महिना घेतला आहे. त्या महिन्यास आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. बातम्यांचा ताजेपणा ओसरला, आणि परिणाम मात्र पुरते दिसू लागले. एखाद्या ग्रंथाचे खरे परीक्षण त्याच्या प्रकाशनाचा गाजावाजा शमल्यावरच होऊ शकते. बातमीचेही तसेच आहे. आणि बातमी ही, काही झाले तरी, एक सांगितलेली गोष्ट असते. ती सांगणारा कोणी असतो. तो आरंभ कोठून करतो, नायक कोणास करतो, काय गाळतो आणि गोष्टीस नाव काय देतो, हे सर्व टीकेचे विषय होत. कथाकादंबऱ्यांस आपण जे प्रश्न विचारतो, ते रोज सकाळी चहाबरोबर वाचल्या जाणाऱ्या या विपुल वाङ्मयास मात्र कधी विचारीत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

प्रथम त्या महिन्याची जंत्री पाहू. ५ जुलै रोजी केनियातील तरुण मंत्री टॉम म्बोया यांचा नैरोबी शहरात भर दिवसा खून झाला. पुढच्या आठवड्यात बंगळूर येथे काँग्रेसच्या महासमितीची बैठक भरली, आणि त्या पक्षातील दुफळी चव्हाट्यावर आली. १४ जुलै रोजी मध्य अमेरिकेतील एल साल्व्हादोर आणि होंडुरास या दोन चिमुकल्या राष्ट्रांत युद्ध जुंपले. १६ जुलै रोजी दोन गोष्टी घडल्या : अपोलो ११ हे यान तीन माणसांस घेऊन चंद्राकडे निघाले, आणि इकडे दिल्लीत इंदिरा गांधींनी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले. १९ जुलै, शनिवार. देशातील चौदा मोठ्या बँका सरकारने एका वटहुकुमाने ताब्यात घेतल्या. दुसऱ्या दिवशी वराहगिरी वेंकट गिरी यांनी हंगामी राष्ट्रपतिपद सोडले. २१ जुलैच्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे पावणेदोनच्या सुमारास, यान चंद्रावर टेकले आणि सकाळी साडेआठच्या आधी माणसाचे पाऊल त्या भूमीवर उमटले. २४ जुलैस ते तिघे सुखरूप पृथ्वीवर परतले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी ग्वाम बेटावर बोलताना आशियातील राष्ट्रांनी आपापल्या संरक्षणाचा भार यापुढे मुख्यतः आपणच वाहावा, असे सुचविले, आणि महिन्याच्या अखेरच्या दिवशी ते दिल्लीस येऊन पोचले.

या जंत्रीतून आज आपल्या घरांत काय उरले आहे? ज्यांस तो महिना आठवतो अशा कोणासही विचारावे; तो चंद्राचे नाव घेईल. त्या वेळी महाराष्ट्रात दूरचित्रवाणी नव्हती. मुंबईस ती १९७२ साली आली. लोकांनी चंद्रावरचे पाऊल रेडिओवर ऐकले आणि मग वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत पाहिले. तरीही ती आठवण जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखी ताजी आहे. बँकांची आठवण निघाली तर ती राजकारणाची आठवण म्हणून निघते : इंदिराबाईंनी मोरारजींवर कशी मात केली, पक्ष कसा फुटला. म्बोया विस्मृतीत गेले. आणि त्या दोन चिमुकल्या राष्ट्रांचे युद्ध आठवलेच तर एक गंमत म्हणून आठवते, त्याचा विचार पुढे करू.

आता या बातम्यांचे वजन करावयाचे तर तराजू कोठे टांगावा? आम्ही तो पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी टांगतो. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. पूर्वी भीमथडी तालुक्यात असे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे 'पुणे आणि सुपे' ही जोडी शाळकरी मुलांनाही पाठ असते. मोरगावाच्या शेजारचा हा भाग पर्जन्यछायेतील जिरायती मुलूख. तालुक्याच्या दक्षिणेस नीरेच्या कालव्याने जो ऊस उभा केला, तो या उत्तरेच्या माळावर फारसा पोचला नाही. असे गाव जगाच्या बातम्यांच्या परीक्षेस निवडणे वाचकांस विचित्र वाटेल. पण आमच्या निवडीस कारण आहे. जगाचे वर्तमान खेड्यात कसे येते, कोणत्या वाटेने आणि किती उशिराने येते, याचा सुप्यापेक्षा स्पष्ट दाखला महाराष्ट्रात आम्हांस ठाऊक नाही.

तो दाखला १८७५ सालचा आहे. त्या वर्षी १२ मे रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे आणि आसपासच्या गावांतील कुणब्यांनी एकत्र येऊन गावातील सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. धान्य व कापड लुटले गेले हे खरे. परंतु जमावाचा खरा रोख वेगळा होता. त्यांस कर्जरोखे हवे होते, वह्या हव्या होत्या, दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे हवे होते. ते हाती आले की त्यांची होळी करण्यात आली. पुढे हे लोण पुणे व नगर या जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावांत पसरले, आणि सर्वत्र हाच प्रकार दिसला : सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर त्याच्या जिवास बहुधा धक्का लागत नसे. बंडावा शमविण्यास सरकारास काही महिने लागले, आणि ९५१ लोकांस अटक झाली.

या घटनेचे मूळ शोधू लागलो म्हणजे आपण सुप्याच्या वेशीवरून थेट अमेरिकेत जाऊन पोचतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडातील गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे; तो एकाएकी तुटला. पुढच्याच वर्षी इंग्लंडात येणाऱ्या कापसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस हिंदुस्थानातून जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. मोठे व्यापारी शहरांतील सावकारांस, ते खेड्यांतील सावकारांस, आणि ते कुणब्यांस रक्कम उचल देऊ लागले. कापसाच्या एकरामागे शंभर रुपये उचल मिळू लागली. सुप्याच्या माळावर कापूस किती पिकत होता हा प्रश्न गौण आहे. सर्व मुलखातच भाव चढले, मजुरी चढली आणि पत सैल झाली. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, तेथला कापूस पुन्हा इंग्लंडास जाऊ लागला, आणि इकडची पत ज्या वेगाने सुटली होती त्याच वेगाने आवळली गेली. त्यातच जमीनमहसुलाची तीस वर्षांची मुदत संपून फेरपाहणी झाली, आणि सारा कोठे दीडपट, कोठे दुप्पट झाला. सारा भरण्यास कर्ज हवे, आणि सावकार तर हात आखडून बसलेला.

येथे आणखी एक दुवा आहे, तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरोबर नाही. कुणब्याच्या हिताकरिता म्हणून सरकारने १८५९ साली मुदतीचा कायदा केला : रोख्याची मुदत तीन वर्षे. हेतू असा की, व्याज साचत राहू नये. सावकाराने त्याचा अर्थ निराळा लावला. दर तीन वर्षांनी तो नवा रोखा करून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज चालू होई. ज्यास अक्षरओळख नाही तो अंगठा उठवून मोकळा होई. म्हणजे सुप्यात ज्या कागदांची होळी झाली त्यांत अमेरिकेचे युद्ध होते, लिव्हरपूलचा भाव होता, मुंबईची तेजीमंदी होती, मुलकी खात्याचा ठराव होता आणि कलकत्त्याचा कायदा होता. अमेरिकेतील युद्धसमाप्तीचे वर्तमान सुप्यास पोचण्यास दहा वर्षे लागली. ते तारेने आले नाही, टपालाने आले नाही. ते रोख्याच्या रूपाने आले.

यावरून आम्ही एक सामान्य सिद्धांत मांडू इच्छितो. जगातील घटना सामान्य माणसाच्या घरी दोनदा येते. पहिल्यांदा ती बातमी होऊन येते. तेव्हा ती घटकाभर मन रमवते आणि निघून जाते. दुसऱ्यांदा ती भाव, कर, पत, रोजगार, कायदा यांपैकी कशाचे तरी रूप घेऊन येते, आणि तेव्हा मात्र ती घरात ठाण मांडून बसते. दुर्दैव असे की, पहिल्या आगमनाचे वर्णन करण्यास शेकडो लेखण्या सिद्ध असतात. दुसऱ्या आगमनाच्या वेळी तीच ती घटना होय हे ओळखणारासुद्धा कोणी नसतो.

ओळख का पटत नाही? पुष्कळ अंशी नावामुळे. सुप्यातील घटनेस सरकारने 'दख्खनचे दंगे' हे नाव दिले. त्याच नावाने चौकशीचे मंडळ नेमले गेले, त्याच नावाने त्याचा अहवाल निघाला, आणि आजही आपल्या पाठ्यपुस्तकांत तेच नाव आहे. दंगा म्हटले की जमाव आला, बेशिस्त आली, एका दिवसाची खळबळ आली. ती मोडली की प्रकरण मिटले. ज्या मंडळाने कारणांची पुष्कळ बारीक छाननी केली त्याच्या अहवालावरही हेच नाव राहिले, आणि वाचणाराचे लक्ष मुदतीच्या कायद्याकडे व साऱ्याच्या वाढीकडे न वळता जमावाकडे वळले.

आता जुलै १९६९ मधील त्या मध्य अमेरिकेतील युद्धाकडे पाहा. त्या वर्षीच्या जून महिन्यात जागतिक चषकाच्या पात्रतेसाठी एल साल्व्हादोर आणि होंडुरास यांचे फुटबॉलचे सामने झाले. प्रेक्षकांत मारामाऱ्या झाल्या. पुढच्या महिन्यात युद्ध झाले. जगातील वृत्तपत्रांनी त्यास 'फुटबॉलचे युद्ध' असे नाव देऊन टाकले. नाव चटकदार, हशा पिकविणारे. दोन मागासलेली राष्ट्रे चेंडूवरून भांडली असा सर्वांचा समज झाला. वस्तुतः एल साल्व्हादोरमधील जमीन थोड्या घराण्यांच्या हाती एकवटलेली होती. तेथले सुमारे तीन लाख भूमिहीन लोक सरहद्द ओलांडून होंडुरासात जमीन कसू लागले होते. होंडुरासच्या सरकारने जमीनसुधारणेचा कायदा या परक्या कुळांवर चालविला, आणि त्यांस हुसकून लावण्यास आरंभ केला. चार दिवसांचे ते युद्ध जमिनीचे युद्ध होते. पण 'जमिनीचे युद्ध' असा मथळा कोण वाचणार? १८७५ साली सरकारी अहवालाने जे केले तेच १९६९ साली वृत्तपत्रांनी केले. एकाने भीतीपोटी केले असेल, दुसऱ्याने रंजनापोटी. फळ एकच. कारण नावाच्या आड गेले.

सुप्यातील कुणब्यास एल साल्व्हादोरच्या कुळाची हकीकत कोणी नीट सांगितली असती, तर ती त्यास चंद्राच्या हकीकतीपेक्षा लवकर कळली असती, याविषयी आम्हांस शंका नाही.

परंतु चंद्राचे महत्त्व कमी करावे असा आमचा हेतू मुळीच नाही. निव्वळ कथा म्हणून पाहिले तर त्या महिन्यात तिच्याइतकी निर्दोष बातमी दुसरी नव्हती. तीस आदि, मध्य आणि अंत होता. नऊ दिवसांत ती पुरी झाली. पात्रे मोजकी, तीनच. त्यांतील एक वरच्या वर घिरट्या घालीत राहिला आणि दोघे खाली उतरले. या वाटणीतच केवढे नाट्य आहे! संकट खरे होते, शेवट अनिश्चित होता, आणि शेवटी सर्व सुखरूप परतले. जुन्या साहित्यशास्त्रकारांनी कथावस्तूची जी एकात्मता सांगितली आहे, ती येथे घटनेनेच पुरविली होती. वार्ताहरास वेगळे कौशल्य दाखविण्याची गरजच उरली नाही. शिवाय या कथेस खलनायक नव्हता, कोणाचेही काही हिरावले गेले नव्हते, म्हणून सर्व जगास ती निर्मळ मनाने ऐकता आली. अशी कथा लोक विसरत नाहीत, आणि विसरूही नये.

आमची तक्रार वेगळी आहे. जी घटना आपोआप कथा होते तिला वर्तमानपत्र मोठी म्हणते, आणि जी कथा होत नाही तिला कथा बनविण्यासाठी वाटेल ती पात्रे आणून बसविते. बँकांच्या बातमीचे असेच झाले. सामान्य वाचकास वटहुकूम म्हणजे रुक्ष कागद. त्यात ५० कोटी रुपये वा अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांची नावे, भागधारकांस द्यावयाची भरपाई, संचालकांचे अधिकार. यात रस कोठून आणावा? रस दिल्लीत होता. मोरारजींचे खाते गेले, तीन दिवसांत वटहुकूम निघाला, सोमवारी संसद भरणार होती म्हणून शनिवारी निघाला, गिरींनी सही केली आणि दुसऱ्याच दिवशी पद सोडले. कटकारस्थानाची कथा तयार झाली. सर्वांनी ती आवडीने वाचली. इतिहास लिहिणारेही पुष्कळसे तीच लिहीत आले. बाईंचा हेतू शुद्ध होता की पक्षातील प्रतिस्पर्ध्यांस शह देण्याचा होता, यावर आजही वाद झडतात. हेतूंची चर्चा करण्यास आमची हरकत नाही; पण हेतू म्हणजे परिणाम नव्हे. ग्रंथकाराने कोणत्या हेतूने ग्रंथ लिहिला यावर ग्रंथाची योग्यता ठरत नाही, हे आपण साहित्यात केव्हाच मान्य केले आहे.

या बातमीचा खरा आरंभ दिल्लीत नव्हता. तो सुप्यात होता. १८७५ च्या प्रकारानंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जातून सोडविण्याचा कायदा केला. न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, हा मोठाच लाभ होय. पण सावकाराचे हात बांधल्यावर शेतकऱ्यास पैसा देणार कोण, या प्रश्नास कायद्याने उत्तर दिले नाही. ते उत्तर पुण्यात तयार झाले. सर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८२ च्या सुमारास शेतकी बँकेची एक योजना आखली. जुनी कर्जे तडजोडीने फेडून टाकावी, आणि पुढे शेतकऱ्यास माफक व्याजाने भांडवल पुरवावे. हा प्रयोग प्रथम एकाच तालुक्यात करून पाहावा. तो तालुका कोणता? सुप्याच्या शेजारचा पुरंदर. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने योजनेस अनुकूलता दर्शविली. लंडनातील भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली.

लंडनच्या कचेरीतील त्या नकाराचा मथळा कोणत्या वर्तमानपत्रात केवढा असावा? तो कितीही लहान असो, पुरंदर आणि सुपे यांच्या दृष्टीने त्या दशकातील जगाच्या बातम्यांत त्याहून मोठी बातमी क्वचितच असेल. कारण त्या नकारापासून १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यापर्यंत वीस वर्षांच्या आसपास काळ गेला, आणि त्यानंतरही काम कूर्मगतीनेच चालले. स्वराज्य आल्यावर १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी झाली. तीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून ३.१ टक्के, व्यापारी बँकांकडून ०.९ टक्के, आणि शेतकरी-सावकार व धंदेवाईक सावकार मिळून सुमारे ७० टक्के कर्ज येत होते. सुप्यात कागद जळून पाऊणशे वर्षे झाल्यावरची ही स्थिती! १९६९ च्या जूनमध्येही देशातील बँकांच्या सव्वाआठ हजारांवर शाखांपैकी खेड्यांत असलेल्या शाखा जेमतेम अठराशे होत्या.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १९ जुलैच्या वटहुकुमाचा अर्थ बदलतो. तो दिल्लीच्या कटकारस्थानातील एक डाव उरत नाही. वेडरबर्न-रानडे यांच्या मागणीचे ते, ऐंशीहून अधिक वर्षे रेंगाळलेले, अर्धेमुर्धे उत्तर ठरते. ताब्यात घेतलेल्या बँकांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती, आणि खेड्यांकडे या बँकांनी कसे जावे याचा आराखडा करणाऱ्या अभ्यासगटाचे प्रमुखही पुण्याचेच होते : धनंजयराव गाडगीळ. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्यास खांदा लावून उभा राहिलेला हा अर्थशास्त्रज्ञ त्या वेळी नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष होता. त्यांच्या गटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये क्षेत्रवार दृष्टीची शिफारस केली, आणि डिसेंबरात प्रत्येक जिल्हा एकेका अग्रणी बँकेकडे सोपविण्याची योजना निघाली. १९९० पावेतो खेड्यांतील शाखा अठराशेंवरून चौतीस हजारांच्या वर गेल्या. सावकाराचा वाटा १९८१ च्या पाहणीत सतरा टक्क्यांच्या आसपास उतरला होता.

येथे विरुद्ध पक्ष ऐकून घेणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप असा की, बँका सरकारी झाल्याने सर्व साधले असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. हे आम्हांस मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७० रोजी मूळ कायदाच रद्द ठरविला, आणि सरकारास चारच दिवसांत नवा वटहुकूम काढावा लागला. पुढे कर्जमेळे झाले, थकबाक्या झाल्या, कर्जमाफ्या झाल्या. ज्यास जमीन आहे व ओळख आहे त्यास कर्ज मिळाले, ज्यास नाही तो बहुधा दाराबाहेरच राहिला. २००२ च्या पाहणीत ग्रामीण कर्जातील सावकाराचा वाटा पुन्हा पंचवीस टक्क्यांच्या वर गेलेला दिसला, आणि २०१४ साली महाराष्ट्रास सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा करावा लागला. पण हा आक्षेप आमच्या मताचे खंडनच करीत नाही. उलट त्यास बळकटी आणतो. ज्या घटनेचे परिणाम, चांगले आणि वाईट, अद्याप चालूच आहेत ती घटना मोठी. आणि वाईट परिणाम टाळावयाचे असते तर ती बातमी सुशिक्षितांनी पहिल्यापासून नीट वाचावयास हवी होती. कारस्थान वाचून झाल्यावर आम्ही वर्तमानपत्र मिटले. शाखा कोठे उघडल्या, कर्ज कोणास मिळाले, हे विचारावयाचे राहून गेले.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. चंद्राची बातमी सुप्यास परकी होती असे कशावरून? अंतराळविद्येची फळे खेड्यांतही आली आहेत. हाही आक्षेप खरा आहे. चंद्रावरील त्या पावलास महिना उलटण्यापूर्वी, १५ ऑगस्ट १९६९ रोजी, विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने भारतीय अंतराळ संशोधन संघटना स्थापन झाली. १९८० नंतरच्या दशकात इन्सॅट उपग्रह वर गेले. हवामानाची चित्रे, दूरचित्रवाणी आणि दूरध्वनी यांच्या रूपाने ते जिरायती मुलखापर्यंत पोचले. ज्याचे सारे वर्ष दोन पावसांवर अवलंबून आहे, त्यास ढगांचे चित्र ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे. आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे स्वतःचे यान चंद्राच्या दक्षिण भागात उतरले, तेव्हा गावोगाव लोकांनी ते पाहिले. परंतु वाचकांनी लक्षात घ्यावे, ही फळेदेखील चंद्राच्या बातमीच्या दुसऱ्या आगमनाची फळे आहेत. ती आली तेव्हा मथळा नव्हता, तीन वीर नव्हते. चर्च, नारळीची झाडे आणि कोळ्यांची वस्ती असलेल्या थुंब्याच्या किनाऱ्यावर काही संशोधक वर्षानुवर्षे खपले होते. त्यांची बातमी कोणी रोज छापली नाही. आमच्या सिद्धांतास चंद्रही अपवाद नाही.

मग मराठी वाङ्मयाने या दुसऱ्या आगमनाची नोंद कितपत घेतली? १८७५ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेचे दुसरे वर्ष चालू होते. भाषा, इतिहास, ग्रंथ आणि लोकभ्रम हे तिचे विषय. सार्वजनिक सभेने मात्र त्याआधीच, १८७३ साली, दख्खनच्या रयतेच्या स्थितीची चौकशी करून आपला वृत्तांत प्रसिद्ध केला होता. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. आणि शेतकऱ्याचा कैवार घेऊन सारा, कोर्ट, सावकार आणि भट-कामगार यांची एकमेकांत गुंतलेली साखळी सलगपणे उलगडून दाखविणारा मोठा ग्रंथ जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुरा केला. 'शेतकऱ्याचा असूड' तो हाच. त्यातील कित्येक मतांशी वाचक वाद घालील. पण कर्जरोख्यामागे कोण कोण उभे आहे हे पाहण्याची जी दृष्टी त्या ग्रंथात आहे, तीच आमच्या मते वर्तमान वाचण्याची खरी दृष्टी होय. तशी दृष्टी बँकांच्या प्रकरणास, शाखेतील पहिल्या खात्यास, जामीनदार शोधीत फिरणाऱ्या शेतकऱ्यास आमच्या साहित्याने व वृत्तपत्रसृष्टीने फारच थोड्या प्रमाणात दिली.

आमचा रोख केवळ लेखकांवर नाही. वाचकांवरही आहे, आणि आमच्यासारख्या शिकविणारांवर तर विशेष आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांस आपण फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे पाच मुद्द्यांत सांगावयास शिकवितो. पण त्याच विद्यार्थ्यास, घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातील एक बातमी घे आणि ती तुझ्या गावच्या बाजारात कोणत्या वाटेने येईल ते लिही, असा प्रश्न कधी घालीत नाही. हा प्रश्न सोपा नाही. त्यास इतिहास लागतो, थोडे अर्थशास्त्र लागते, आणि गावाची माहिती तर लागतेच. पण असा एक प्रश्न ज्याने प्रामाणिकपणे सोडविला, त्यास जग आणि गाव या दोन वस्तू निराळ्या आहेत असे पुन्हा वाटणार नाही.

दैनिक वर्तमानपत्राकडून या कामाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याचे आयुष्य एका दिवसाचे. आज आलेले आज सांगणे हाच त्याचा धर्म. परंतु मासिकाचा धर्म वेगळा आहे. गडबड शमल्यावर मागे वळून पाहावे, नावे तपासावी, खोटे नायक बाजूस सारावे, आणि जी बातमी आतल्या पानाच्या कोपऱ्यात पडली होती तिची पुढे काय गत झाली ते सांगावे. हे मासिकाने करावे, नाहीतर कोणीही करणार नाही. कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी मुलांस चंद्राची गोष्ट अवश्य सांगावी. ती सांगून झाल्यावर त्याच आठवड्यातील दुसरी गोष्टही सांगावी. ती सांगण्यास थोडा वेळ अधिक लागेल, कारण तिचा आरंभ सुप्याच्या बाजारात जळालेल्या कागदांपासून करावा लागतो, आणि तिचा शेवट अद्याप लिहिला गेलेला नाही.